सतरा नंबरची एकेचाळीस मिनिटं

"बाई, ती तुमची वही अजून आहे ना?" सरांनी विचारलं आणि ते माझ्याच स्टुलावर बसले.

मी हातातली नळी स्टँडला लावली. सर तळघरात आले होते. वरच्या मजल्यावरच्या खोलीतून ते फोन करत, निरोप पाठवत, फारच झालं तर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून हाक मारत. पण अकरा वर्षांत त्यांनी खाली पाऊल टाकलं नव्हतं. खालच्या रसायनांच्या वासाने त्यांचं डोकं चढतं म्हणे. आज गरज होती, तेव्हा डोकं शांत होतं.

"कुठली वही, सर?" मी मुद्दाम डावा कान त्यांच्याकडे केला. माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नाही, कारण तो कान त्यांनीच कापलाय.

"अहो, मिनिटांची! लाल पुठ्ठ्याची!" त्यांना ओरडावं लागलं. एवढं सुख मी कशाला सोडू?

"आहे की."

"बरं झालं. आपला लेख छापायला घेतलाय त्या शोधपत्रिकेने, पण एक फाटा फोडून ठेवलाय. प्रत्येक नमुना कानातून काढल्यापासून गोठवेपर्यंत किती मिनिटं गेली, ते लिहून मागताहेत. आता यातून त्यांना काय कळणार आहे, देव जाणे."

मीही जाणते, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"तुम्ही असं करा," सर आवाज खाली आणत म्हणाले. "एक स्वच्छ प्रत काढा. तुमच्याच अक्षरात. सगळीकडे पाच-सहा मिनिटं, कुठे सात. फार एकसारखं नको. परवापर्यंत द्या. आणि तुमची निवृत्ती जवळ आली ना? ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या पदाचं मी बघतो. जाताना तरी त्या पदावरून जा."

जाताना तरी! जसं काही ते पद अकरा वर्षांपूर्वी वाऱ्यानेच उडून गेलं होतं.

"बघते, सर," मी म्हटलं. ते नाकाला रुमाल लावत जिना चढून गेले. मी दाराला आतून कडी घातली आणि तोंडावर हात ठेवून पोटभर हसले. अकरा वर्षं मी या माणसावर डूख धरून होते, आणि आज तो स्वतःच्या पायांनी माझ्याकडे चालत आला होता.

मी कानाच्या विभागात तंत्रज्ञ आहे. माझं काम ऐकायला मोठं आणि करायला बारीक. मधल्या कानाचा एक वाईट रोग असतो. पडद्याच्या आत, जिथे कातडीचं काहीच काम नाही, तिथे कातडी वाढायला लागते. तिचा पांढरा, चकचकीत गोळा होतो आणि तो आसपासची हाडं खात सुटतो. कान वाहतो, त्याला घाण वास येतो, ऐकू येणं जातं, आणि दुर्लक्ष केलं तर रोग मेंदूपर्यंत पोचतो. यावर औषध नाही. कापून काढायचा, एवढाच इलाज. तोही पुष्कळदा परत उगवतो.

साधीसुधी कातडी अशी माजते कशी, हे शोधायचं सरांनी मनावर घेतलं होतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जीन तेच असतात, पण कुठला कामाला लागलाय आणि कुठला झोपलाय, हे जागोजागी वेगळं. रोगट कातडीत कोण जास्त जोरात कामाला लागलंय ते हुडकलं, तर उद्या त्याला गप्प करणारं औषध निघेल. म्हणून प्रत्येक पेशंटचे दोन तुकडे घ्यायचे, एक कानाच्या आतला रोगाचा आणि एक कानामागच्या चांगल्या कातडीचा, आणि दोन्हींची तुलना करायची.

गोम आहे ती वेळेत. तुकडा शरीरातून सुटला तरी लगेच मरत नाही. रक्त बंद झालं की पेशींची पळापळ सुरू होते, झोपलेले जीन धडपडून उठतात आणि आरडाओरडा करतात. म्हणून तुकडा निघाला की दोन-तीन मिनिटांत तो गोठवायचा. उशीर झाला तर तुम्हाला रोग दिसत नाही, नुसता गोंधळ दिसतो.

आता ऑपरेशन कसं चालतं बघा. कानामागची कातडी पहिल्यांदाच कापली जाते. तिच्याकडे बघायची कुणाला हौस नसते, त्यामुळे ती थेट माझ्या गोठवायच्या डब्यात येते. रोगाचा गोळा निघतो दीड-दोन तासांनी, आणि तो सबंध, न फुटता काढण्यात सरांचा हात कुणी धरू शकत नाही. हे मी सूड बाजूला ठेवून सांगते. पण एकदा का गोळा निघाला, की सरांमधला मास्तर जागा व्हायचा. गोळा ताटलीत, ताटली विद्यार्थ्यांत. "बघा, मोती आहे मोती!" मग फोटो. मग मागच्या ऑपरेशनची आठवण. मी कोपऱ्यात डबा आणि सेकंदकाटा घेऊन उभी.

"सर, मिनिटं," मी म्हणायची.

"मिनिटबाई, कानाला काही गाडी पकडायची नाहीये!" सगळे हसायचे. मीही हसायची. नाव मात्र कायमचं चिकटलं. अगदी झाडूवालीसुद्धा मला मिनिटबाईच म्हणते.

वहीत मी नंबर लिहायची, दोन्ही तुकड्यांची मिनिटं लिहायची, आणि पुढे दोन शब्द: 'सरांना सांगितले'.

या कामाला मी एवढी का चिकटून होते, तेही सांगायला हवं. माझा डावा कान वयाच्या सहाव्या वर्षापासून वाहत होता. आई कापसाचे बोळे करून डबीत भरून द्यायची. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे, बाईंनी बसवलं तरी मधल्या सुट्टीनंतर दप्तर उचलून जात. मी एकटी एका बाकाची मालकीण. म्हणून रोगाचा तुकडा डब्यात टाकताना मला दर वेळी बरं वाटायचं. आता तुझं बिंग फोडते, असं मी त्याला मनात म्हणायची.

मग तो फ्रीझरचा प्रकार झाला. उणे ऐंशी अंशांचा मोठा फ्रीझर, त्यात दोन वर्षांत जमवलेले पहिले सगळे नमुने. एका सोमवारी मी आले तर फ्रीझर कोमट आणि खाली पाणी. सगळं सडलं. चौकशी बसली. सर माझ्याशी फार मायेने बोलले. "बाई, शनिवारी निघताना दार नीट लागलं नसेल. होतं माणसाकडून. तसं लिहून द्या, मी सांभाळून घेतो." मी लिहून दिलं. मला तर शपथेवर दार लावल्याचं आठवत होतं, पण सरांसारखा माणूस म्हणतोय म्हटल्यावर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. घरी मी दिवसातून दहा वेळा फ्रिजचं दार ओढून बघायची. आमचे हे म्हणायचे, "अगं, त्यात दूध आहे, दरोडेखोर नाहीत."

सरांनी कसलं सांभाळलं! 'तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणामुळे' असा शेरा माझ्या कागदांत लागला आणि ज्येष्ठ पद दुसऱ्याला मिळालं. नमुन्यांची मोजणी पुन्हा एक नंबरपासून सुरू झाली.

त्याच वर्षी माझ्या कानाने उचल खाल्ली आणि मलाच टेबलावर झोपावं लागलं. आमच्याकडे मोठ्यांची ही ऑपरेशनं बहुतेकदा कानाभोवती इंजेक्शनं देऊन, पेशंटला जागं ठेवून करतात. रोगी कान वर, चांगला कान खाली. डोक्याखाली चुंबळीसारखी गोल उशी असते, आणि चांगला कान तिच्या मधल्या भोकात येतो. वरून हिरवी चादर. पेशंटला काही ऐकू येत नसणार, असं सगळे धरून चालतात. रोगी कानात तर ड्रिलच चालू असतं.

पण ड्रिल मधेमधे थांबतं.

"हलू नका हं, बाई," सर म्हणाले. "चेहऱ्याची नस अगदी शेजारी आहे. इकडचं तिकडे झालं तर तोंड वाकडं होईल." मी दगड झाले. ड्रिल थांबलं, आणि मदतीला असलेल्या डॉक्टरने हळूच विचारलं, "सर, त्या फ्रीझरला यांचाच निष्काळजीपणा झाला ना?"

"छे रे," सर म्हणाले. हात माझ्या कानात चालूच होता. "पाहुण्यांच्या फोटोसाठी मीच तो बाहेर हलवायला लावला. परत ठेवताना शिपायाने साध्या प्लगला जोडला, जनरेटरची लाइन नव्हती त्याला. शनिवारी वीज गेली. पण चौकशीत कुणाचं तरी नाव घालावंच लागतं ना? हिचं घातलं. हिला धड ऐकू येत नाही आणि ही बोलतही नाही. बरी आहे."

आणि मग मला, मोठ्याने, प्रेमाने: "शाब्बास, बाई. अशाच पडून राहा."

मी अशीच पडून राहिले. रडले असते तरी डोकं हललं असतं. त्या चादरीखाली, कानात पोलाद घेऊन, मी शपथ घेतली की या माणसाचं वाटोळं झालेलं मी बघेन आणि त्यासाठी मला बोटही उचलावं लागणार नाही. थोड्या वेळाने "आला! सबंध आला!" असा सरांचा आवाज आला. ताटली फिरली. फोटो निघाले. माझ्या जागी त्या दिवशी जो उभा होता, त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी मनात सेकंद मोजत होते, दुसरं करायला होतंच काय? शेवटी डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. वॉर्डात गेल्यावर मी वही मागवून घेतली आणि पडल्यापडल्या लिहिलं: नंबर सतरा. एकेचाळीस मिनिटं.

त्या दिवसानंतर मी 'सर, मिनिटं' म्हणणं बंद केलं.

लोकांना वाटलं, बाई नरमल्या. मी नरमले नव्हते, मी वाट बघत होते. ताटली फिरायची, वीस मिनिटं, तीस मिनिटं, आणि मी कोपऱ्यात उभी राहून काटा बघायची. आतून उकळ्या फुटायच्या. फिरवा, सर, अजून फिरवा. सरांना रोगट कातडीत एक जीन भलताच जोरात सापडला. त्यांनी त्यावर भाषणं दिली, हारतुरे घेतले, विभागात सगळे त्याला 'सरांचा जीन' म्हणू लागले. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की तो ताटलीत पडून ओरडणारा जीन आहे. मी वहीत मिनिटं लिहीत गेले, एक चुकवलं नाही. सर जेवढे वर चढतील तेवढे उंचावरून पडतील, हा माझा साधा हिशेब होता.

त्रेसष्ट नंबर एक नऊ वर्षांची मुलगी होती. संमतीच्या कागदावर आईची सही घ्यायला मी गेले, तर मुलीने मलाच धरलं. "माझ्या कानाचं तुम्ही काय करणार?"

"त्यातून औषध शोधणार. म्हणजे तुझ्यासारख्या मुलींना कापून घ्यावं लागणार नाही."

"मग नीट जपून ठेवा हं," ती म्हणाली. तिच्या कानातला कापूस ओला झाला होता. मी तिला नवा बोळा करून दिला.

तिचा तुकडा तेहतीस मिनिटं ताटलीत होता. मी गप्प उभी होते.

सर तळघरात येऊन गेले त्या दिवशी जेवताना मी यांना सगळं सांगितलं. आमचे हे पाणी खात्यात मीटर तपासायचे, आता निवृत्त आहेत. चालताना, बसताना, जेवताना कायम माझ्या उजव्या बाजूला असतात, तीस वर्षांची सवय आहे.

"मग काय, खोटी प्रत देणार?"

"वेड लागलंय का? खरी वही देणार. थेट धाकट्या मॅडमच्या हातात."

"आणि सर?"

"बसतील बोंबलत."

त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "खरं सांगू? या अकरा वर्षांत तू त्या माणसाचा जेवढा विचार केलास ना, तेवढा माझा केला असतास तर मी जाडा झालो असतो."

मी हसले, पण ते हसत नव्हते.

धाकट्या मॅडम म्हणजे सरांच्या हाताखालच्या डॉक्टर. पाच वर्षांपूर्वी आल्या. अभ्यासाची सगळी आकडेमोड त्यांची, आणि त्यांची पदवीही याच नमुन्यांवर उभी होती. माझ्याशी बोलताना आपण होऊन उजव्या बाजूला येणाऱ्या विभागात त्या एकट्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाल वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सरांनी कसली प्रत मागितली तेही सांगितलं.

दुपारी त्याच खाली आल्या. चेहरा पांढराफटक. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी एक आलेख दाखवला. आडवी माझी मिनिटं, उभा सरांचा जीन. जितकी मिनिटं जास्त, तितका जीन वर. ठिपके ओळीने जिना चढावा तसे चढत गेले होते.

"हा रोगाचा जीन नाहीच, बाई. हा ताटलीचा जीन आहे."

"हो, मॅडम," मी म्हटलं. अकरा वर्षांचं फळ तोंडात पडल्यासारखं वाटलं मला.

"एकशे अठरा माणसं. माझी पाच वर्षं." मग त्यांनी वही उघडली आणि पहिल्या पानांवरून बोट फिरवलं. "एक ते सोळा, दर नंबरपुढे तुम्ही लिहिलंय, 'सरांना सांगितले'. सतरापासून ते नाही. तुम्ही सांगणं का थांबवलंत?"

मला कुणी हा प्रश्न विचारेल असं अकरा वर्षांत कधी वाटलं नव्हतं. मी सगळा सूड नीट रचला होता, फक्त या एका ओळीचा विचार केला नव्हता.

"सतरा नंबर मीच आहे, मॅडम," मी म्हटलं, आणि टेबलावर जे ऐकलं ते सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. माझा हात धरतील असं मला वाटलं होतं. धरला नाही. "सर नीच वागले," त्या म्हणाल्या. "पण घड्याळ तुमच्या हातात होतं, बाई. मी नवी होते, मला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही मला तरी सांगायचं होतंत." वही छातीशी धरून त्या निघून गेल्या. मी स्टुलावर बसून राहिले. फ्रीझर घुं घुं करत होता आणि त्यात कुठेतरी त्रेसष्ट नंबर होता, जपून ठेवलेला.

संध्याकाळी सरांनी दोघींना वर बोलावलं. मॅडमनी नेऊन दिलेली वही त्यांच्या टेबलावर होती.

"काय आहे हे, बाई? मी स्वच्छ प्रत मागितली होती."

"ही स्वच्छच आहे, सर. एकही खाडाखोड नाही."

"तुम्हाला कळतंय का, यात माझी वीस वर्षं जातील?"

"कळतंय. म्हणूनच जपली ती." आणि मग मी बोलले. फ्रीझर, पाहुण्यांचा फोटो, साधा प्लग. 'हिचं घातलं.' 'बरी आहे.' त्यांचाच आवाज काढून म्हणून दाखवलं. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला आणि मी तो डोळे भरून बघितला. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं गोड मला दुसरं काही लागलं नाही.

"तुम्हाला... ऐकू येत होतं?"

"उजव्या कानाने. उशीला भोक असतं, सर."

सरांनी वही मिटली. मग हुशार माणूस सावरतो तसे सावरले. "ठीक आहे. मी बुडेन. पण तुम्हीही काठावर राहणार नाही. समोर नमुने खराब होताहेत आणि तुम्ही वेळ लिहीत उभ्या राहिलात. चौकशी तुमचीही होईल. याला नियमात काय म्हणतात ठाऊक आहे? हलगर्जीपणा."

"नाही, सर," मी म्हटलं. "मागच्या वेळी हलगर्जीपणा लिहिला होतात, तो खोटा होता. या वेळी 'जाणूनबुजून' लिहा. ते खरं आहे."

मॅडमनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

लेख मागे घेतला गेला. सर आधी रजेवर गेले, मग गेलेच. त्यांच्या दारावरची पाटी काढली त्या दिवशी मी मुद्दाम दोन मजले चढून बघून आले. स्क्रूची दोन भोकं उरली होती. बघितल्यावर काहीतरी मोठं वाटेल अशी अपेक्षा होती. भोकं होती, एवढंच.

माझ्या कागदांत दुसरा शेरा लागला. पद तर गेलंच, निरोपसमारंभही होणार नाही असं कळवलं. बाद नमुने जाळायला द्यायचं काम माझ्याकडेच आलं. मी पेट्या एकेक करून भट्टीपर्यंत नेल्या. सतरा नंबर पेटीतच राहू दिला, बाहेर काढून बघितलाही नाही. त्रेसष्ट मात्र हातात घेतला. बोटाएवढी नळी, आत तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी. तिच्यावरचा बर्फ माझ्या बोटांनी वितळायला लागला, तेव्हा परत ठेवला.

धाकट्या मॅडमनी नव्याने परवानगी काढली. एक नंबरपासून. महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. माझ्या शेवटच्या आठवड्यात खाली आल्या, उजव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "परवा पहिला नमुना आहे. तुम्ही उभ्या राहाल का?"

कागद घेऊन मी वॉर्डात गेले. पेशंट अठरा वर्षांची, रोग परत उगवलेला. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे.

"तुम्ही त्याच ना? मला कापसाचा बोळा करून दिला होतात."

मला बसावंसं वाटलं. बसले.

"सापडलं का औषध?"

"नाही."

"माझा तुकडा जपून ठेवला होतात ना?"

"ठेवला होता. पण खराब झालेला होता. ताटलीत पडून राहिला आणि मी बोलले नाही. मला दुसऱ्याच कुणाचा राग होता."

कानातला बोळा काढून तिने बघितला आणि पुन्हा घातला. मग पेन घेतलं. "या वेळी बोला," ती म्हणाली आणि आता स्वतःची सही स्वतः केली.

ऑपरेशनला ती जागी होती. चांगला कान खाली, गोल उशीच्या भोकात. दीड तासाने मॅडमनी गोळा बाहेर काढला. सबंध. सरांचीच शिकवण ती. विद्यार्थी पुढे सरकले आणि मॅडमचा हात, एक क्षणभरच, दिव्याकडे वर गेला.

"मॅडम, मिनिटं!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की एक विद्यार्थी दचकून मागे झाला. मॅडमनी हात खाली आणला. तुकडा डब्यात पडला, झाकण लागलं. मी नवी वही उघडून नंबर एक लिहिला, मिनिटं लिहिली आणि पुढे लिहिलं, 'सांगितले'.

चादरीखालून हलका आवाज आला. डोकं अजिबात न हलवता ती विचारत होती, "किती झाली?"

मी टेबलाच्या कडेशी गुडघे टेकून बसले, चादर जराशी उचलली आणि उशीच्या भोकाशी तोंड नेऊन तिला सांगितलं, "दोन."